पाकटीचं कालवण

१२ नोव्हेंबर १९९८, हर्णै बंदर

बर्फाच्या कारखान्यातल्या मुनशीने ही डायरी दिली. वर्ष संपत आलंय आणि पानं कोरी. बोलला, घे, चूल पेटवायला होईल. मी बोललो, मला लिहिता येतं. तो हसला. पाचवी पास हाय मी. सहावीत पण दिवाळीपर्यंत गेलेलो.

लिहितो कारण बोटीवर बोलायला कोण नाय. आमी सहा जण. हरेश्वर तांडेल बोट चालवतो, पाण्यावर त्याचाच शब्द शेवटचा. बाकीचे खलाशी इकडचेच, त्यांचं बोलणं माझ्या कानावरून निघून जातं. माझ्या मुलखातला एकटा अनंता काका, मुरबाडकडचा, धसईचा. त्यानेच मला इथं आणला. सगळे त्याला काका बोलतात, तांडेलसुद्धा. पण काका दिवसात चार वाक्यं बोलणार, त्यातली तीन जाळ्याला शिव्या. गावाचं नाव काढलं की उठून दोरी आवरायला जातो. किती वर्षं घरी गेला नाय ते कोणालाच माहीत नाय.

आय बोलते माझ्या पायाला भिंगरी हाय. वीटभट्टी केली. हायवेच्या ढाब्यावर तवे घासले. आसनगावच्या कंपनीत मोठ्या भावाने, शेखरदादाने चिकटवला, तिथूनपण पळालो. छपराखाली मला गुदमरतं. इथं छप्परच नाय. बायकोला, देवकीला सातवा लागला तेव्हा मी निघालो. तिने डबा भरून दिला आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

१७ नोव्हेंबर

पापलेट, सुरमई, कोळंबी बर्फात जाते, बोटमालक शेटची. आमच्या कालवणाला जे कोण घेत नाय ते. आज पाकट आली. सुपाएवढी चपटी, तोंड पोटाकडं, मागं चाबकासारखी शेपटी आणि शेपटीला विषारी काटा. मी हात घालायला गेलो तर काकाने माझ्या मनगटावर कोयत्याची मूठ मारली. अजून सुजलेलं हाय. मग बोलला, आधी शेपटी. शेपटी तोडून पाण्यात टाकली आणि मगच मला जवळ येऊ दिलं.

किनाऱ्यावरच्या बाया पाकट पायाने सरकवतात. तिला मुतासारखा वास मारतो. काका बोलला, वास तिचा नाय, आळशी माणसाचा हाय. वर आली की लगेच कल्ल्याखाली चीर द्यायची, टांगायची, रक्त सगळं गळू द्यायचं. पोट साफ करायचं. वरून कढत पाणी ओतून बुळबुळ खरवडायची. तुकडे आमसुलाच्या पाण्यात घालायचे, ते पाणी फेकायचं, परत घालायचं, परत फेकायचं. मग लसूण, मिरची, हळद. खोबरं नाय. एवढं काका एका दमात बोलला, मी बघतच राहिलो.

केलं तसं. हाडं नायच, कुरकुरीत कुर्च्या. भाताबरोबर टोप साफ झाला. तांडेल बोटं चाटत बोलला, "ह्या डोंगरावरच्याला पोहता येत नाय, पण ह्याच्या टोपात मेलेली पाकट पोहते." उद्यापासून जेवण माझ्याकडं. काका सुटला त्यातून. मला मान दिला असं समजतो मी.

२२ नोव्हेंबर

बंदरात आलो. रविवारी सकाळी शेखरदादा खर्डीला किराणावाल्याच्या दुकानात येऊन बसतो, तिथं मी फोन करायचा, असं ठरलंय.

संजीवनी वहिनीचं पोर पोटातच गेलं. दिवस भरत आलेले. पोरगा होता. दादा एवढंच बोलला. मागं दुकानात कोणतरी साबण मागत होतं ते ऐकू येत होतं. बोललो, वहिनीला सांभाळ. तो बोलला, "तू कधी येतोस? भात कापून उडव्यात पडलंय, झोडायला माणूस नाय. देवकी जाते खळ्यावर, मी नको बोललो तरी जाते."

मी बोललो, सिझन हाय रे दादा, आता कसा येऊ?

६ डिसेंबर

मुलगी झाली! दोन तारखेला, घरीच. दोघी बऱ्या हायेत. नाव ठेवलं नाय अजून, सगळे बारकी बोलतात.

खलाश्यांना जिलबी दिली. तांडेल बोलला, "मुलीचा बाप झालास, आता तरी पोहायला शिक. बुडालास तर तिचं कन्यादान काय मी करू?" सगळे हसले. काका हसला नाय. त्याने जिलबी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. संध्याकाळी बघितलं तर तशीच खिशात, पाक शर्टाला लागलेला.

१३ डिसेंबर

देवकीला दूध नाय. पहिले दोन दिवस आलं आणि गेलं. बारकी रडून रडून निळी पडायची. दादा बोलला, संजीवनीला येतंय, फुकट जातंय, म्हणून पाचवीच्या दिवशी आयेने बारकीला तिच्या ओटीत घातली. आता ती वहिनीकडं पिते आणि वहिनीकडंच झोपते.

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या घरात हे पहिल्यापासून हाय. पोर टिकत नसलं की दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं, म्हणजे जे काय वाईट मागं लागलंय त्याला वाटतं हे पोर ह्या बाईचं नाय. सव्वा महिना झाला की बापाने सूपभर तांदूळ आणि नारळ घेऊन त्या बाईसमोर जायचं आणि बोलायचं, माझी मला दे. ती देते. खोटंखोटंच असतं. मलापण लहानपणी शेजारच्या चिमीआजीच्या ओटीत घातलेला, बाप सूप घेऊन गेला तेव्हा आजी बोलली, देत नाय जा, आणि सगळे हसले. आय अजून सांगते.

दादा बोलला, "नऊ जानेवारीला ये. बापानंच यायला लागतं, धाकल्या. माझ्या हातून चालत नाय." मी बोललो, येतो ना. बाप आला नाय तर काय करतात ते मी कधी ऐकलं नाय. बाप येतोच.

देवकी बरी हाय काय विचारलं. बोलला, झोडणी संपली आता, उद्यापासून पेंढा आणायला जाईल.

१४ डिसेंबर

दुधाचं काकाला सांगितलं. तो बोलला, मुशी दे तिला. मुशी म्हणजे शार्क माशाचं पिल्लू, आपल्या हाताएवढं. इकडच्या बाया बाळंतिणीला मुशीच देतात, दूध फुटतं बोलतात. मुशी नसली तर पाकट. पाकटीनंपण येतं.

पाकट मी नेणार नाय. जी बायका पायानं सरकवतात ती मी माझ्या बायकोला नेऊ? मुशीच नेणार. सगळ्यांनी बघितलं पायजे धाकलू दर्यावरून काय घेऊन आला. कंपनीतून पळाला, भट्टीवरून पळाला, सगळं ऐकून घेतलंय मी. एकदा मुशी चुलीवर चढली आणि देवकीला दूध आलं की तोंडं बंद.

तांडेलला बोललो. बोलला, "पुढची लागली की तुझी. शब्द."

२१ डिसेंबर

लागली. चांगल्या तीन. मी उचलायला गेलो तर तांडेलने बर्फात टाकल्या. शेटच्या पोरीच्या सासरची माणसं येणार हायेत, त्यांना पायजेत. मी बोललो, शब्द दिलेलास. तो बोलला, "शब्द माझा, मासे शेटचे." मी टोपात मीठ जास्त घातलं त्या दिवशी. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. मलाच पाणी पिऊन पिऊन झोप नाय.

४ जानेवारी १९९९

बंदरात. आज निघालो असतो तर पाच तारखेला घरी. बसने दापोली, तिथून कल्याणची गाडी, मग खर्डी.

तांडेल बोलला, दक्षिणेला मुशीची झुंड उतरलीय, दुसऱ्या बोटीवाल्यांनी सांगितलंय. तीन दिवसांची फेरी, सातला परत, तू आठला घरी. ह्या वेळी शेटच्या पोरीचे सासरे आले तरी पहिली मुशी तुझी. गणपतीची शपथ घेतली त्याने.

काका बोटीवरून उतरून माझ्याजवळ आला. एवढा कधी येत नाय. बोलला, "धाकल्या, जा."

"मुशी घेऊन जातो ना, काका."

"मासा राहू दे. पाकट हाय खारवलेली, ती घे. नायतर काय घेऊ नको. जा."

"हात हलवत जाऊ?"

"हात हलवत जा रे. नुस्ता जा." मग माझ्या दंडाला धरून बोलला, "तांदळाचं सूप भरून ठेवतात. ते कोणासाठी थांबत नाय."

त्याला कसं माहीत आमच्या घरातलं? त्याच्यापण घरात असेल. डोंगराकडं सगळीकडंच असेल. मला वाटतं काकाला परत टोपाजवळ बसायचंय, मी गेलो की जेवण त्याच्याकडं. माणूस म्हातारा झाला की असं होतं. मी बोटीवर चढलो. तो मागून चढला आणि दोरी आवरायला लागला.

११ जानेवारी

मशीन बंद पडलं. दोन दिवस पाण्यावर डुलत राहिलो, दुसऱ्या बोटीने दोर टाकून आणलं. आठ तारीख गेली, नऊ गेली. नऊला सकाळपासून मी काठाला धरून उभा होतो. दिसत काय होतं? पाणी. तांडेल बोलला, "सव्वा महिन्याचा सव्वा महिना आणि दोन दिवस होईल. पोरगी पळून जातेय काय?"

मुशी एकपण नाय लागली. पाकटी लागल्या, सहा. मी तिकडं बघितलं नाय. काकाने एकट्याने सगळ्यांच्या शेपट्या तोडल्या, चिरल्या, टांगल्या, मीठ भरलं. बंदरात उतरलो तेव्हा गोणीत भरून तोंड शिवून माझ्या पायाशी ठेवल्या.

१३ जानेवारी, घरी

गाडीत कंडक्टर बोलला, "काय मेलंय रे पोत्यात?" मी बोललो मासा हाय. तो बोलला, "मासा मेल्यावर इतका बदला घेत नाय." पोतं टपावर गेलं. कल्याणपासून माझ्या बाजूला कोण बसलं नाय. खर्डीला उतरलो तर दोन कुत्रे वासाने मागं, वस्तीपर्यंत पोचवायला आले.

आय अंगणात पापड वाळत घालत होती. मला बघून उठली नाय. बोलली, "आलास."

मी बोललो, सूप कुठंय, नारळ मी आणलाय, तांदूळ काढ.

आय बोलली, "त्या दिवशी भरून ठेवलेलं सूप. देवकीने स्वतः पाखडून भरलं. दिवस बुडेपर्यंत तिथं उंबऱ्यावर ठेवलं. शेखर दोनदा स्टेशनात जाऊन आला. मग दिवस बुडाला."

"मग?"

"मग काय. तांदूळ शिजवले. सगळ्यांनी खाल्ले. देवकीनंपण खाल्ले."

मी बोललो, एक-दोन दिवसांनी काय होतंय, आता मागतो. आय बोलली, "रीत झाली, बाबा. खाल्लेले तांदूळ परत सुपात येतात काय?" आणि पापड उलटवायला लागली.

वहिनी दारात आली, बारकी तिच्या खांद्यावर. पहिल्यांदा बघितली मी. एवढीशी, पण गाल भरलेले. केस वहिनीने तेल लावून चापून बसवलेले. वहिनी बोलली, "घ्या भावजी. तुमचीच हाय, घ्या." हात पुढं केले तिने. मी बारकीला धरलं, पण वहिनीचे हात सुटले नाय. तसेच आमी दोघं थोडा वेळ उभे होतो, मधे पोर. मग मीच हात काढले. माझ्या अंगाला मासळीचा वास होता.

देवकी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली. बारीक झालीय. एवढी की गळ्यातलं मंगळसूत्र लांब वाटलं. बोलली, "हातपाय धुवा."

१४ जानेवारी

संक्रांत. आयेने पाकट घरात घेऊ दिली नाय. बिनखवल्याचा मासा बाळंतिणीच्या घरात नाय चालत, पोराला फेफरं येतं बोलते. पाटापण दिला नाय. मी गोठ्यामागं तीन दगड मांडले, फुटक्या काठाचा टोप घेतला, मिरची-लसूण दगडावर ठेचली. आमसूल इथं कुठलं, चिंच कोळली. खारवलेले तुकडे एका पाण्यात, दुसऱ्या, तिसऱ्या. काकाने सांगितलं तसंच. पाणी दर वेळी लांब नेऊन ओतलं.

बाजूच्या घरातली लहानी कुडावरून ओरडली, "धाकलू, बायकोला तिळगूळ देतात रे आज. तू काय शिजवतोस, चप्पल?" तिच्या घरात हसले. हसू दे.

दादा कामावरून आला. गोठ्यामागं येऊन उभा राहिला. टोपात बघितलं आणि बोलला, "चांगला वास येतोय." खोटं बोलत होता, नाक आवळून. माझा भाऊ वाईट नाय. मग बोलला, "धाकल्या, तू परत जाणार ना?" मी बोललो, सिझन मेपर्यंत हाय. तो बोलला, "मी रोज घरी येतो. एवढंच बोलतो." आणि गेला.

देवकीला ताटात भात आणि कालवण दिलं. ती गोठ्याच्या पायरीवर बसून जेवली. मी विचारलं, कसं झालंय? बोलली, "चांगलंय." अजून घेतलं. टोपातलं सगळं खाल्लं तिने, कुर्च्यापण चावून. मी बोललो, ह्याने दूध येतं. मुशी असती तर लगेच आलं असतं, पण ह्यानंपण येतं.

तिने ताट धुतलं. मग बोलली, "मासा नको होता मला. खळ्यावर एक माणूस पायजे होता."

थकलीय ती. मी बोललो, उद्या परत करतो.

१६ जानेवारी

आलं! सकाळी पाणी भरून आली तेव्हा चोळी ओली. मला वाटलं हंड्याचं पाणी. नाय. काका खोटं बोलला नाय. मी धावत घरात गेलो, वहिनीकडून बारकीला घेतली. ह्या वेळी तिने दिली. देवकीच्या मांडीवर ठेवली. आय दारात, वहिनी आयेच्या मागं, दादा कामावर गेलेला.

बारकीने तोंड लावलं नाय. देवकीने परत लावलं. बारकीने मान फिरवली आणि किंचाळायला लागली, जशी कोण चिमटे काढतंय. देवकी तिच्या ओठाला बोटाने दूध लावत होती. पोर ते थुंकत होतं. मी बोललो, भुकेली नसेल. आय बोलली, माशाचा वास येतोय तिला, आईचा नाय. मी बोललो, शिकेल, लहान हाय.

मी बघितलं, पोर रडत होतं तशी वहिनीची चोळी भिजत होती. तिला कळत होतं बहुतेक, कारण तिने पदर ओढून घेतला.

किती वेळ झाला असेल. देवकीने स्वतः उठून बारकीला वहिनीच्या हातात दिली. बारकी गप्प झाली. लगेच. घर एकदम शांत झालं, फक्त तिचा पिण्याचा आवाज.

दुपारी गोठ्यामागं गेलो तर देवकी खाली बसून दूध पिळून टाकत होती, राखेत, माझ्या तीन दगडांच्या मधे. मला बघून थांबली नाय. मी बोललो, रोज लाव तिला, येईल. ती बोलली, "तुमची गाडी कधी हाय?"

१८ जानेवारी, कल्याण डेपो

निघालो. उरलेली पाकट आयेने गावाबाहेर पुरायला लावली. कुत्र्यांनी उकरली असेल. देवकीने डबा भरून दिला, पण झाकण नाय दाबलं. गाडीत कालवण सांडलं. नाय, कालवण नव्हतं, वालाचं बिरडं होतं. काय लिहितोय मी.

मे महिन्यात जाऊन बघू. तोपर्यंत वहिनीचं दूध संपेल, मग येईल बारकी देवकीकडं. तेव्हा सूपपण भरू परत. कोण अडवतंय.

७ फेब्रुवारी

मुशी लागली. एक, पण कशी, हातभर, पांढऱ्या पोटाची. तांडेलने माझ्याकडं फेकली. "घे रे, शपथ घेतलेली. तुझ्या बाळंतिणीची."

मी ती घेऊन उभा राहिलो. फोन झालेला त्याच सकाळी. देवकी उंबरमाळीला बापाकडं गेली. कोण बोललं नाय जा, कोण बोललं नाय राहा. दादा बोलला, कपड्यांची एक पिशवी घेतली आणि बारकीला न बघताच गेली, म्हणजे उंबऱ्यापर्यंत येऊन फिरली. मी चिडलो. माझ्यासाठी थांबायचं नाय काय?

मुशी सगळ्यांना शिजवली. खोबरं घातलं ह्या वेळी. तांडेल बोलला, धाकलू, असं कालवण हर्णैत कोण करत नाय. सगळे परत परत मागत होते. काकाने नाय खाल्ली. कालची पाकट उरलेली, ती गरम करून बसला. मी माझं ताट घेऊन त्याच्या बाजूला बसलो. मी विचारलं, काका, तुमच्यात बाप नाय आला तर काय करतात? त्याने माझ्या ताटात पाकटीचा एक तुकडा टाकला. बोलला, "खा."

२ मे

सिझन संपत आला. तांडेल बोलला, नारळी पुनवेला परत ये, तुझा टोप ठेवून देतो. येईन बोललो. काका पावसाळ्यातपण बंदरातच राहतो, जाळी शिवत. मलापण विचारलं, राहतोस? मी बोललो, बघू.

फोन केला. आज दादा बारकीला घेऊन आलेला खर्डीला, सरकारी दवाखान्यात डोस होता. वहिनीपण बरोबर. दादाचा आवाज हसरा. बोलला, खूप आवाज काढते आता, थांब, ऐक. मग फोनपासून लांब, पोरीला बोलला, "बोल गो बाळा, बोल. काका हाय फोनवर. काकाशी बोल."

मी थांबलो. जीभ घसरली असेल. वाटलं आता सुधारेल. मागं दुकानात कोण वजन करत होतं, ताजव्यात काय पडल्याचा आवाज झाला. दादाने सुधारलं नाय. त्याला कळलंच नाय तो काय बोलला. मग बारकीचा श्वास आला, फोनच्या एकदम जवळ, आणि हुं हुं असा आवाज, ओला.

बूथवाला आकड्याकडं बघत होता. मला काहीतरी बोलायला लागणार होतं.

मी बोललो, "बारके, काका बोलतोय."